धोंडू घाडींचा न पेटणारा पाळणा

तिसऱ्या घंटेला अजून वीस मिनिटं असायची. रंगमंचावर नाट्यगृहाचे मॅनेजर उभे असायचे, कधी त्यांच्यासोबत अग्निशमन खात्याचे साहेब असायचे. मग डाव्या विंगेतून धोंडूमामा यायचे. दर्शनी पडद्याचं टोक डाव्या चिमटीत धरायचे, उजव्या हाताने काडी ओढायचे आणि ती पेटती काडी सरळ मखमलीला लावायचे. मोठ्याने दहापर्यंत आकडे मोजायचे. मखमल काळी पडायची, जराशी आक्रसायची, पण ज्योत धरायची नाही. काडी विझली की मामा साहेबांकडे वळून म्हणायचे, "पडदा पडेल साहेब, पेटणार नाही!"

नवी नटमंडळी टाळ्या वाजवायची. मामा कमरेत वाकून त्या टाळ्या घ्यायचे. मुलुंडपासून बोरिवलीपर्यंतच्या कितीतरी पडद्यांच्या आतल्या कडेला त्यांच्या काड्यांचे काळे ठिपके रांगेने बसलेले होते. रंगभूमीवरच्या चाळीस वर्षांत धोंडू घाडींच्या वाट्याला आलेलं हे एकच वाक्य, आणि ते त्यांनी एकदाही चुकवलं नाही.

आगीची ही भीती मामांनी उसनी आणलेली नव्हती. बावीस वर्षांचे असताना ते एका फिरत्या कंपनीत पडदे ओढायचे. वडील लालबागला गिरणीत होते आणि पोराला साच्यावर चिकटवायच्या खटपटीत होते. पोरगा मात्र कंपनीच्या ट्रकमध्ये ट्रंकांवर झोपून कोकण पालथं घालत होता. त्या काळी आगीवरचा इलाज साधा होता. दोन्ही विंगांत एकेक माणूस बसवायचा. त्याच्या पायाशी पाण्याची बादली, मांडीवर ओलं गोणपाट. नाटक बघायचं नाही, फक्त दिवे आणि पडदे बघायचे. डाव्या विंगेतला माणूस म्हणजे धोंडू.

कणकवलीच्या मुक्कामात वाऱ्याने पडदा तापलेल्या दिव्यावर गेला. धूर दिसेपर्यंत ज्वाळा सुंदराबाईंच्या पदरापर्यंत पोचली होती. सुंदराबाई म्हणजे कंपनीची नायिका. धोंडूने उडी घेतली, गोणपाटात बाईंना गुंडाळलं आणि खाली पाडलं. जीव वाचला. बाईंचा उजवा हात मात्र मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. पुढे बाई राणी झाल्या, मोलकरीण झाल्या, अप्सरा झाल्या, पण सगळ्या भूमिका त्यांनी लांब बाह्यांच्या पोलक्यात केल्या. बरं वाटल्यावर त्यांनी धोंडूला बोलावून घेतलं, समोर बसवून जेवायला वाढलं आणि विचारलं, "तू होतास म्हणून मी आहे रे. पण तू रोज असशील का?"

हा प्रश्न धोंडूच्या मनातून कधी उतरलाच नाही. आपण नसलो तरी आपल्या जागी उभं राहील असं काहीतरी हवं होतं. गिरगावातल्या एका म्हाताऱ्या मांडववाल्याने त्यांना टाकणखार आणि नवसागर उकळत्या पाण्यात विरघळवून त्यात पडदा भिजवायला शिकवलं. उपाय चांगला होता, पण पावसाळी हवेत तो खार पाझरायचा, पडदा पापडासारखा कडक व्हायचा आणि दरवर्षी सगळं पुन्हा करावं लागायचं. मग कधीतरी नव्वदच्या दशकाच्या शेवटी एक सफारीवाला एजंट डबे घेऊन आला. डब्यात आंबोळीच्या पिठासारखी पांढरी, दाट लापशी होती. पडद्याच्या मागच्या बाजूने ब्रशने फासायची, वाळू द्यायची, आणि दहा वर्षं बघायला नको. मामांनी काडी लावून पाहिली. मखमल मऊच राहिली आणि पेटलीही नाही. त्या दिवशी मामांना वाटलं, सुंदराबाईंना द्यायला आपल्याकडे आता उत्तर आहे.

आणि हेच उत्तर त्यांनी पाळण्यालाही दिलं.

हा पाळणा मुळात नाटकातला. एका पौराणिक नाटकात कापडाच्या गाठोड्याला बाळ समजून तो आठशे प्रयोग हलला. कंपनी मिटली तेव्हा मालकांनी तो प्रेमाने मामांच्या स्वाधीन केला. सागवानी दांडे, कोरलेले मोर, पितळी कड्या. मामांनी त्याला दर्शनी पडद्याच्या उरलेल्या किरमिजी मखमलीची झालर शिवली, कडेला सोनेरी गोंडे लावले, आणि झालरीच्या पाठीला लापशीचे दोन हात दिले. मुलुंड पूर्वेला मिठागरांच्या बाजूची त्यांची सात मजली इमारत बहुतेक जुन्या गिरणीवाल्यांच्या कुटुंबांची. तिथे कुणाकडे बाळ झालं की आधी मामांकडे निरोप यायचा. पाळणा नवा विकत घ्यायचा नाही, ज्यात आधी मुलं वाढली तो मागून आणायचा, ही जुनी रीत. मामा झालरीला ताजा हात देत, पाळणा स्वतः पोचवत, आणि बारशाच्या दिवशी जमलेल्या बायकांसमोर काडी ओढून झालरीला लावत. "पाळणा हलेल, पेटणार नाही!" बायका हसत, टाळ्या देत. निरांजनं ओवाळताना कुणाचा जीव वर-खाली होत नसे. अकरा बाळं त्या पाळण्यात वाढली. कुणी सहा महिने, कुणी वर्षभर.

बारावं बाळ मामांच्या स्वतःच्या घरी आलं. त्यांची एकुलती एक मुलगी श्वेता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगी झाली. शुक्रवारी बारसं ठरलं. श्वेताच्या सासरची माणसं गोरेगावहून येणार होती, इमारत तर येणारच होती. नितेशच्या मुलाकडून पाळणा परत आला होता आणि बाहेरच्या खोलीत चादरीखाली उभा होता. मंगळवारी सकाळी मामांनी पोटमाळ्यावरून लापशीचा शेवटचा डबा उतरवला, ब्रश गरम पाण्यात भिजत घातला. तेवढ्यात दारावर टकटक झाली.

दारात प्रियंका होती. चौथ्या मजल्यावरच्या खंडू सरतापे या निवृत्त बस कंडक्टरांची ही मुलगी. पुण्याला शिकायला होती, वर्षापूर्वी परत येऊन इथल्या एका संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत लागली होती. घरातल्या धुळीत कुठली रसायनं असतात ते ही मुलगी मोजायची. तीन महिन्यांपूर्वी ती पिशव्या घेऊन घरोघर केर गोळा करत फिरली होती, तेव्हा मामांच्या बायकोने, वनमालाबाईंनी, तिला उंबऱ्यातच अडवलं होतं. "आमच्या घरात केर गावाचो नाय हां. दोन वेळ झाडतंय मी!" शेवटी कपाटामागे चिमूटभर सापडला होता, आणि तो देताना बाई कितीतरी वेळ पुटपुटत होत्या.

"काका, तुमचं घर पहिलं आलं," प्रियंका आत येत म्हणाली.

"कशात गो?"

"धुळीत."

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. "पहिला? आमचा? त्या शकुच्या घरात कोळिष्टकां लोंबतत, आणि पहिला आमचा?"

प्रियंका हसली. "काकू, केर किती ते नाही मोजत मी. केरात काय आहे ते मोजते. ब्रोमीनची रसायनं असतात, वस्तू लवकर पेटू नयेत म्हणून घालतात. सोफ्यात, फोममध्ये, टीव्हीच्या डबड्यात, पडद्यांत. थोडी सगळ्यांच्याच घरात सापडली. तुमच्याकडे जास्त येणारच. काकांनी इतकी वर्षं तेच काम केलं, कपड्यांवरून घरात आलं असेल. मला कोडं पडलंय ते दुसऱ्याच दोन घरांचं. दुसऱ्या मजल्यावरचा नितेशदादा आणि पाचव्यावरच्या शकुमावशी. सोफा विचारला, गाद्या विचारल्या, काहीच जुळेना. दोघांकडे आहे आणि बाकी कुणाकडे नाही, असं काय असेल हो काका?"

मामांचा एक हात चादरीवरून पाळण्याच्या दांड्यावर होता. पाळणा आधी शकुच्या नातवाकडे होता. मग नितेशच्या मुलाकडे. त्याआधीच्या घरांतून पाळणा निघून कितीतरी वर्षं झाली होती. प्रियंका तेव्हा पुण्यात होती.

"त्या रसायनाने होतं काय?" त्यांनी विचारलं.

"ती कापडाला घट्ट धरून राहत नाहीत. वर्षं गेली की भुकटी सुटते, जमिनीवर बसते. आपण तिच्यावरून चालतो, लहान मुलं रांगतात. आणि रांगणाऱ्या मुलाचा हात कुठे जातो? तोंडात. यातली काही रसायनं थायरॉईडच्या कामात ढवळाढवळ करतात. लहानपणी मेंदूची वाढ त्याच्यावरच असते ना. ज्यांच्या अंगात ही जास्त सापडली त्यांच्या मुलांचं शिकणं, लक्ष लागणं थोडं मागे पडल्याचं काही अभ्यासांत दिसलंय. म्हणून कित्येक देशांनी बरीचशी बंद केली. पण एकदा केलेली कुठे जातात? धुतली की नाल्यात, नाल्यातून खाडीत, खाडीतून मासळीत, मासळीतून परत आपल्या ताटात."

मामांनी दांड्यावरची चादर नीट ओढली. मग म्हणाले, "असेल काहीतरी." 

ती गेल्यावर त्यांनी दार लावलं आणि चादर ओढली. झालर अजून देखणी होती. उजव्या बाजूचे गोंडे मात्र आखूड होते. अकरा बाळांनी दात शिवशिवायला लागल्यावर तेच चघळले होते. "माझ्या गोंड्यांची गोडी आहे पोरांना," असं मामा कौतुकाने सांगत आले होते. त्यांनी आपली काळी छत्री उघडून जमिनीवर उलटी ठेवली, झालर तिच्यावर धरली आणि बोटाने दोनदा टिचकी मारली. छत्रीच्या काळ्या कापडावर बारीक पांढरं पीठ पडलं, रांगोळी सांडावी तसं. मामा छत्रीकडे बघत खाली बसले.

दुपारी वनमालाबाईंनी विचारलं, "काय झाला तुमका? ब्रश भिजान फुगलो, डबो तसोच पडलो हा."

मामांनी सांगितलं. आतल्या खोलीत श्वेता बाळाला पाजत होती, तिलाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. रंगभूमीवरच्या माणसाला हळू बोलणं जमत नाही.

श्वेता बाळ घेऊन दाराशी आली. "मग बाबा, झालर काढून टाका ना. संपलं."

"आणि नितेश? शकु? ती बाकीची घरं?"

"त्यांची मुलं मोठी झाली आता. ठणठणीत आहेत. उगाच कशाला त्यांच्या डोक्याला ताप? आणि शुक्रवारी माझ्या सासरचे येणार आहेत. इमारतीत बोंब झाली तर एक माणूस येणार नाही बारशाला."

"बरोबर बोलता हा ती," वनमालाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज उतरला होता. "आयुष्यभर लोकांनी मामा मामा केला. आपल्या हातान आपला नाव कशाक घालवतास?"

मामांनी छत्री उचलून त्यांच्यासमोर धरली. "ह्या पिठाला माझं नाव माहीत नाही. ते नितेशच्या पलंगाखाली आहे अजून. त्याला सांगितल्याशिवाय तो पुसणार कसा?"

वनमालाबाई छत्रीत बघत राहिल्या. मग त्यांनी ती अलगद मिटली आणि आपल्या हाताने मोरीत नेऊन ठेवली.

बुधवारी सकाळी मामा आधी चौथ्या मजल्यावर गेले. प्रियंकाने सगळं ऐकलं. रागावली नाही, उलट तिचे डोळे क्षणभर चमकले, कोडं सुटलं म्हणून, आणि मग तिलाच त्याची लाज वाटली. काय करायचं ते तिने सांगितलं. झाडू नको, झटकायचं नाही, ओल्या फडक्याने पुसायचं, फडकं वेगळं ठेवायचं. जेवणाआधी मुलांचे हात साबणाने धुवायचे. यानेही बरंच कमी होतं.

"मी थायरॉईडची गोळी घेतो," मामा म्हणाले. "बारा वर्षं झाली. ती यानेच?"

"ते मी नाही सांगू शकत काका. थायरॉईड कितीतरी कारणांनी होतो. एका माणसाकडे बघून असं बोट ठेवता येत नाही."

"आणि झालर? डबा? जाळून टाकतो सगळं."

"अजिबात नको! याचा धूर सगळ्यात वाईट. भंगारवाल्यालाही देऊ नका, तो कुणाच्या तरी उशीत भरेल. जाड पिशवीत बांधून माझ्याकडे द्या. आमच्या लॅबचा रासायनिक कचरा न्यायला गाडी येते, मी साहेबांशी बोलते."

"चाळीस वर्षं पेटू नये म्हणून राबलो," मामा म्हणाले, "आणि शेवटी तू सांगतेस, पेटवू नका." दोघंही हसले. मग मामांना आठवलं की नाट्यगृहाच्या मागे आपण लापशीच्या बादल्या वर्षानुवर्षं गटारात खळाळल्या. ते गटार नाल्याला मिळायचं, नाला खाडीला. हिवाळ्यात इमारतीच्या गच्चीवरून खाडीत उभे असलेले गुलाबी रोहित पक्षी दिसायचे आणि मामा श्वेताला खांद्यावर घेऊन ते दाखवायचे. हे त्यांनी प्रियंकाला सांगितलं नाही. पण जिना उतरताना ते दोनदा थांबले.

दुसऱ्या मजल्यावर नितेश नुकताच विमानतळावरच्या ड्युटीवरून आला होता. त्याची बायको दीप्ती चपात्या लाटत होती आणि अडीच वर्षांचा चैतन्य फरशीवर पालथा पडून गाडी चालवत होता. मामांनी बसायला नकार दिला. उभ्याने सगळं सांगितलं.

नितेशला आधी कळेचना. मग कळलं. "काका, काय बोलताय तुम्ही? पोरगं आठ महिने झोपलं त्याच्यात! त्या झालरीला काड्या लावून तुम्ही आम्हाला टाळ्या वाजवायला लावल्यात, आणि आता सांगता वाट लागली?"

"वाट लागली असं नाही रे. प्रियंका म्हणते, घाबरायचं कारण..."

"ती काय म्हणते ते राहू दे. तुम्ही काय म्हणता?"

मामांनी आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं विंगेतून ऐकली होती. कुठलंच उपयोगी पडलं नाही. ते म्हणाले, "मी म्हणतो, माझं चुकलं."

दीप्ती लाटणं ठेवून उठली. तिने चैतन्यला उचललं, बेसिनपाशी नेलं आणि त्याचे हात धुवायला लागली. धूत राहिली. पोरगं खूश होऊन पाणी उडवत होतं. "पुसायचं कशाने?" तिने मागे न बघता विचारलं.

"ओल्या फडक्याने. बादली दे," मामा म्हणाले.

अडुसष्ट वर्षांचे मामा गुडघ्यांवर बसले आणि नितेशच्या पलंगाखाली हात घालून पुसायला लागले. नितेश दाराला टेकून, हाताची घडी घालून बघत होता. पलंगाखालचं झालं. मामा कपाटाकडे वळले, पण कपाट हलेना. त्यांनी दोनदा जोर लावला. तिसऱ्या वेळी नितेश पुढे आला, त्याने कपाट ओढलं, आणि मामांनी मागची भिंत पुसली. निघताना त्यांनी शुक्रवारचं आमंत्रण दिलं. नितेशने मान हलवली नाही, नाहीही म्हटलं नाही.

पाचव्या मजल्यावर शकुने त्यांना पुसू दिलं नाही. "दिलात तेव्हा मिरवलात. आता हे सांगायला आलात? सुनेला काय तोंड दाखवू मी?" दार लागलं. मामा बंद दारालाच ओल्या फडक्याचं आणि साबणाचं सांगून खाली आले. अकरापैकी दोन कुटुंबं इमारत सोडून गेली होती, त्यांना फोन केले. एकाने ऐकून घेतलं, दुसऱ्याला वाटलं मामांचं वय झालं. उरलेल्या घरांत कुणी चहा दिला, कुणी दिला नाही. गुरुवारी संध्याकाळपर्यंत लिफ्टमध्ये मामा शिरले की बोलणी थांबायला लागली.

रात्रीच्या जेवणाआधी त्यांनी पाळणा सोडवला. ओल्या फडक्याने झालर उतरवून पिशवीत बांधली. सागवान तीनदा पुसलं. मोरांच्या पिसाऱ्यातली पांढरी पुटं दात घासायच्या जुन्या ब्रशने काढली. पाळणा उघडावाघडा दिसायला लागला, मेकअप उतरवलेल्या नटासारखा. श्वेता बघत होती. तिच्या मनात काय आहे ते मामांना कळत नव्हतं, आणि विचारायचा धीर होत नव्हता. दांडे पुसून झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, मोर एवढे छान कोरलेत, झालरीखाली कधी दिसलेच नव्हते."

वनमालाबाईंनी पेटीतून आपलं धुवून धुवून पाण्यासारखं झालेलं सुती पातळ काढलं आणि पाळण्यात अंथरलं. "पण ह्या पेटतला हां," त्या म्हणाल्या. "निरांजनां असतली. बायकांचे पदर असतले."

"पेटेल," मामा म्हणाले. "सुती आहे, पेटणारच." आणि ते मोरीत जाऊन बादली शोधायला लागले.

शुक्रवारी गोरेगावची मंडळी वेळेवर आली. श्वेताच्या सासूबाईंना कुणीतरी जिन्यातच सगळं सांगितलं होतं. त्यांनी पाळण्याचा दांडा बोटाने पुसून बघितला, बोट बघितलं, मग मामांकडे बघितलं आणि बाळाला मांडीवर घेतलं. प्रियंका आणि खंडू सरतापे आले. तिसऱ्या मजल्यावरची सुगंधा आली, सातव्यावरच्या दोघी आल्या. शकु आली नाही. एरवी दाराबाहेर चपलांचा ढीग पडायचा, आज मोजून नऊ जोड होते. वनमालाबाईंनी पोहे अख्ख्या इमारतीचे केले होते. त्या पातेल्याकडे बघत नव्हत्या.

मामांनी पाळण्याच्या डावीकडे स्टूल मांडलं. स्टुलाखाली पाण्याने काठोकाठ भरलेली बादली. मांडीवर ओलं गोणपाट घेऊन ते बसले. पांढरा सदरा ओला होत होता.

"हे काय हो मामा?" सुगंधा हसून म्हणाली. "आज काडी नाही?"

"आज काडी नाही. आज मी आहे."

बायकांनी निरांजनं पेटवली. आधी वरवंट्याला बाळ समजून पाळण्याच्या वरून-खालून फिरवलं, मग बाळाची पाळी आली. इतक्यात दारात कुणीतरी चपला काढल्या. नितेश होता, मागे दीप्ती, तिच्या कडेवर चैतन्य. नितेश आत आला, त्याने पाळण्याकडे बघितलं, मोर बघितले, मग मामांच्या स्टुलाखालची बादली बघितली.

"काका, तुम्हीच सांगायचात ना, दोन विंगा असतात म्हणून? दुसऱ्या विंगेत कोण?"

मामांनी मान वर केली.  त्यांनी नुसतं मोरीकडे बोट केलं. नितेश गेला आणि दुसरी बादली भरून घेऊन आला. पाळण्याच्या उजव्या बाजूला त्याने फरशीवरच मांडी ठोकली.

"गोणपाट?" त्याने विचारलं.

मामांनी आपलं गोणपाट मधोमध फाडलं आणि अर्धं त्याच्याकडे टाकलं.

बाळाला पाळण्यात घातलं. पातळाचा झोळ अंगाला लागताच ते एकदा कुरकुरलं आणि गप्प झालं. निरांजनं पाळण्याभोवती फिरायला लागली, पाच, सहा, सात ज्योती. मामांची नजर एका ज्योतीवरून दुसऱ्या ज्योतीवर, पदरावरून पातळावर. कणकवलीच्या त्या रात्री होती तशीच. कुणाचा पदर सुटला की ते गोणपाट घट्ट धरायचे. पदर सावरला गेला की सैल सोडायचे. समोर नितेशही तेच करत होता. बाळाची आत्या पुढे झाली, कानाशी वाकली, बायकांनी तिच्या पाठीत चापट्या घातल्या, हशा झाला, घुगऱ्या वाटल्या गेल्या. एकेक निरांजन शांत झालं. शेवटची वात विझून तिचा धूर सरळ वर गेला, तेव्हा मामांनी तीन दिवसांत पहिल्यांदा पाठ भिंतीला टेकवली.

वनमालाबाई पोह्यांची बशी घेऊन आल्या. मामांनी बशी घेतली, पाळण्यात झोपलेल्या नातीकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "नाव काय ठेवलं गो?"

"हयसर तर बसलेलास! ऐकूक नाय?"

"नाय," मामा म्हणाले. "माझं लक्ष दिव्यांकडे होतं."